कर्टलंड वॉर्बलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल संपत आला की मिशिगनमधल्या मराठी मंडळींकडून, आणि उन्हाळ्यात मुलांकडे यायला निघालेल्या महाराष्ट्रातल्या पक्षीवेड्यांकडून, मला या पक्ष्याबद्दल दरवर्षी तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकाच ठिकाणी ठेवलेलं बरं. प्रश्न शक्यतो ज्याने विचारला त्याच्याच शब्दांत आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

१. हा पक्षी नेमका कोणता? एवढं कौतुक कशाचं?

लांबीला आपल्या चिमणीएवढा, वजनाला तिच्या निम्म्याने, म्हणजे १२ ते १६ ग्रॅम. पाठ निळसर राखाडी आणि तिच्यावर काळ्या रेघा, पोट पिवळंधमक, कुशीवर काळे फराटे. डोळ्याच्या वर आणि खाली दोन पांढऱ्या चंद्रकोरी. बसल्या जागी शेपूट सारखं खाली-वर चालू असतं. शास्त्रीय नाव सेटोफागा कर्टलंडाय.

१८५१ च्या मे महिन्यात ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळ जेरेड कर्टलंड या डॉक्टर आणि निसर्गअभ्यासकाच्या शेतावर त्यांच्या जावयाने हा पक्षी टिपला. पुढच्याच वर्षी स्पेन्सर बेअर्ड यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव कर्टलंड यांचं दिलं. पण तो वीण कुठे करतो, हे पुढची पन्नास वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. बहामा बेटांवर हिवाळ्यात सापडायचा, वसंतात इकडेतिकडे एखादा दिसायचा आणि मग गायब व्हायचा. शेवटी १९०३ च्या जुलैमध्ये नॉर्मन वुड यांना उत्तर मिशिगनच्या ऑस्कोडा काउंटीत, ओ साबल नदीच्या परिसरात, त्याचं पहिलं घरटं सापडलं. इतकी वर्षं का लागली, ते प्र. ३ आणि ४ वाचलं की कळेल. कौतुकाचं कारणही तेच आहे.

२. याला मराठीत काय म्हणायचं? ‘कर्टलंडचा वटवट्या’ चालेल का?

मी म्हणत नाही. आपले वटवट्ये हे जुन्या जगातले पक्षी आणि अमेरिकेतले वॉर्बलर हे वेगळंच कूळ आहे. इंग्रजीत दोघांना एकच शब्द पडला तो युरोपातून आलेल्या लोकांच्या सवयीमुळे. ती चूक आपण मराठीत कशाला ओढायची? शिवाय वटवट्या म्हटलं की डोळ्यांसमोर ज्वारीच्या ताटावर बसलेला मातकट जीव येतो. इथले जुने लोक याला ‘जॅक पाइनचा पक्षी’ म्हणत. मला ते नाव सगळ्यांत आवडतं, कारण नावातच पत्ता आहे.

३. पाइनच्या जंगलातला पक्षी आहे, मग हार्टविक पाइन्समधल्या त्या उंच जुन्या झाडांत दिसेल ना?

नाही. सगळ्यांत जास्त लोक फसतात ते इथेच.

हार्टविक पाइन्स या उद्यानात पांढऱ्या आणि लाल पाइनची जुनी, गगनाला भिडलेली झाडं आहेत, सुमारे ४९ एकरांत शिल्लक राहिलेली. बघण्यासारखी आहेतच. पण आपल्या पक्ष्याला त्यांच्याशी देणंघेणं नाही. त्याला लागतो जॅक पाइन, जो लाकूडवाल्यांच्या लेखी अगदीच किरकोळ. वेडावाकडा वाढणारा, रेताड आणि नापीक जमिनीत तग धरणारा. तोही कोवळा हवा, साधारण ५ ते २० वर्षं वयाचा, दीड ते पाच मीटर उंचीचा. झाडं दाट हवीत, पण मध्ये मध्ये मोकळ्या जागाही हव्यात. आणि असा पट्टा निदान ८० एकर सलग पाहिजे. त्याहून मोठा असेल तर उत्तम.

हे वर्णन ऐकून जे चित्र उभं राहतं त्याला आपण जंगल म्हणणारच नाही. पहिल्यांदा गेलेल्या माझ्या एका मित्राने गाडीतून उतरून विचारलं होतं, “ही ख्रिसमस ट्रीची नर्सरी आहे का?” त्याचं काही चुकलं नव्हतं. जुने निरीक्षकही घरट्याच्या शोधात असताना अशा खुरट्या माळाकडे कशाला वळले असते?

४. झाडं कोवळीच का लागतात? घरटं तर झाडावर कुठेही करता येईल.

घरटं झाडावर नसतंच, ते जमिनीवर असतं. जॅक पाइनच्या अगदी खालच्या फांद्या जिथे जमिनीला टेकतात तिथे, गवत आणि रानटी ब्लूबेरीच्या झुडपांआड, मादी वाटीसारखं घरटं विणते. वरून हिरव्या फांद्यांचं छप्पर असतं. झाडं मोठी झाली की त्यांचे शेंडे एकमेकांना भिडतात, खाली ऊन पोचत नाही, खालच्या फांद्या वाळून गळतात आणि छप्परच जातं. मग पक्षी ती जागा सोडतो. झाड वाचलेलं असतं, जंगल वाढलेलं असतं, आणि नेमकं म्हणूनच ते त्याच्या उपयोगाचं राहत नाही.

जमिनीचाही संबंध आहे. हिमयुगात बर्फ वितळून वाहिलेल्या पाण्याने इथे वाळूचे थर टाकले. ग्रेलिंग गावावरून तिला ‘ग्रेलिंग सँड’ असं नाव आहे. पाऊस पडला की पाणी क्षणात खाली जिरतं, त्यामुळे जमिनीवरचं घरटं बुडत नाही. काळ्या मातीत हे घरटं एका सरीत चिखलात गेलं असतं.

अंडी सहसा चार किंवा पाच. दोन आठवडे उबवणं, मग साधारण नऊ दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर. उडता येण्याआधीच बाहेर पडतात, म्हणूनही भोवतालची दाटी महत्त्वाची.

५. वणव्याशी याचा काय संबंध? आग लागली तर पक्षी मरेल की.

जॅक पाइनचे बरेचसे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात आणि वर्षानुवर्षं तसेच फांदीवर राहतात. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे राळ वितळते, शंकू उघडतात आणि बी सांडतं. म्हणजे वणवा झाडाला मारतो, पण जाता जाता त्याच झाडाच्या बिया मोकळ्या, राखेने भरलेल्या जमिनीवर पेरून जातो. पाच-सहा वर्षांत तिथे एकाच वयाच्या झाडांचं दाट रान उभं राहतं. अगदी आपल्या पक्ष्याच्या मापाचं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशिगनमधले मोठे पाइन बेसुमार तोडले गेले आणि उरलेल्या काडीकचऱ्याला प्रचंड वणवे लागले. त्या काळात जॅक पाइन भरपूर उगवला आणि पक्षीही भरपूर असावेत, कारण बहामातून गोळा केलेले बहुतेक जुने नमुने त्याच दशकांतले आहेत. मग विसाव्या शतकात वनखात्याने आगी विझवायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, आणि त्याच चांगल्या हेतूने पक्ष्याच्या पायाखालची जमीन गेली.

या गोष्टीचं एक दुखरं टोक म्हणजे मॅक लेकची आग. ५ मे १९८० रोजी मायो गावाजवळ, याच पक्ष्यासाठी अधिवास तयार करायला वनखात्याने लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली. सुमारे २४,००० एकर जळाले, चाळीसहून अधिक घरं गेली आणि आग विझवताना एका वनकर्मचाऱ्याचा जीव गेला. काही वर्षांनी त्याच राखेतून आलेल्या कोवळ्या रानात वॉर्बलरची संख्या भराभर वाढली. मायोमध्ये या विषयावर बोलताना मी आवाज जपून वापरतो. तिथल्या लोकांसाठी ती पक्षीसंवर्धनाची यशोगाथा नाही.

६. म्हणजे पक्षी वाचवायला जंगल तोडतात, हे खरं आहे?

खरं आहे. मॅक लेकनंतर मोठ्या आगी लावायची हिंमत कुणी करत नाही. घरंही आता जंगलात घुसली आहेत. म्हणून आगीचं काम करवत आणि नांगर करतात. वयात आलेल्या जॅक पाइनचे मोठे पट्टे सपाट तोडायचे, लाकूड विकायचं, जमीन नांगरून रोपं लावायची, एकरी हजाराच्या वर. लागवड सरळ ओळींत करत नाहीत. लाटांसारख्या वळणदार ओळी एकमेकींसमोर आणून मध्ये मोकळे डोळे ठेवतात, कारण वणव्यानंतर नैसर्गिकरीत्या उगवलेल्या रानात अशा फटी असतात.

अशी राखीव क्षेत्रं १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. आज राज्य आणि केंद्र सरकारच्या ताब्यातली जवळपास १,९०,००० एकर जमीन या फिरत्या लागवडीसाठी आहे आणि वर्षाला सुमारे ३,८०० एकर नव्याने लावण्याचं उद्दिष्ट असतं. ही फेरी कधी संपणारी नाही. आज लावलेलं रान वीस वर्षांनी पक्ष्यासाठी निकामी, आणि तोडून विकण्याजोगं व्हायला त्याहूनही बरीच वर्षं.

फायदा एकट्या वॉर्बलरचा होत नाही. अपलँड सँडपायपर, प्रेअरी वॉर्बलर, हिमससे आणि मोकळ्या वाळूत वाढणारी काही दुर्मीळ फुलझाडंही याच कोवळ्या रानावर जगतात. उलट बाजूही सांगायला हवी. नुकतीच तोडलेली जागा भयाण दिसते. दर वर्षी कुणीतरी तिचा फोटो पाठवून मला विचारतं, की हे काय चाललंय तुमच्या राज्यात.

७. मिशिगनशिवाय आणखी कुठे आढळतो? कुठल्या भागात काय स्थिती आहे?

विणीच्या हंगामात जवळजवळ सगळे पक्षी मिशिगनच्या लोअर पेनिनसुलाच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, उत्तर भागातल्या मोजक्या काउंट्यांत असतात. क्रॉफर्ड, ऑस्कोडा, ओगमॉ, आयोस्को, ऑल्कोना ही त्यांतली मुख्य. मॅकिनॉ पूल ओलांडून अपर पेनिनसुलात १९९५ पासून वीण होते, पण थोडी.

विस्कॉन्सिनमध्ये २००७ साली ॲडम्स काउंटीत घरटी सापडली. आजही तिथल्या जोड्या डझन-दोन डझनांच्या हिशेबात मोजायच्या. कॅनडात त्याच वर्षी ऑन्टारिओतल्या पेटावावा लष्करी तळावर घरटं सापडलं. त्याआधीची ऑन्टारिओतली घरट्याची नोंद थेट १९४५ ची. लष्करी तळच का, असं विचाराल तर सरावामुळे तिथे आगी लागत असतात. मिशिगनमध्येही कॅम्प ग्रेलिंगच्या परिसरात हाच योगायोग आहे.

कायद्याच्या भाषेत स्थिती जागेप्रमाणे बदलते. अमेरिकेच्या केंद्रीय यादीतून तो २०१९ मध्ये निघाला (प्र. ९ पाहा), विस्कॉन्सिन राज्याच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, कॅनडातही संकटग्रस्त, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या जागतिक यादीत ‘निअर थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. त्यामुळे ‘हा पक्षी संकटात आहे का’ याचं एका शब्दात उत्तर मागू नका. तुम्ही उभे कुठे आहात त्यावर ते ठरतं.

८. एकूण किती आहेत? आणि जंगलातले पक्षी मोजतात कसे?

कानाने. नराचं गाणं खणखणीत आणि या आकाराच्या पक्ष्याच्या मानाने खालच्या पट्टीतलं असतं. शांत सकाळी ते पाव मैलावरून ऐकू येतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोजणारे ठरलेल्या अंतरावर एका रेषेत चालतात आणि गाणारे नर नकाशावर टिपतात. एका नरामागे एक मादी धरतात. हा हिशेब अगदी काटेकोर नाही, पण सगळ्या वर्षी तोच वापरला असल्याने तुलना करता येते.

१९५१ च्या पहिल्या गणनेत ४३२ गाणारे नर मिळाले. १९६१ मध्ये ५०२. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, २०१. १९७४ मध्ये १६७, आणि पुन्हा १९८७ मध्ये बरोबर १६७. यापेक्षा खाली आकडा गेला नाही. मग चढ लागला. २००१ मध्ये हजाराचा टप्पा ओलांडला, २०१२ मध्ये २,०९०, २०१५ मध्ये २,३८३. २०२१ मध्ये २,२४५ जोड्या. २०२५ च्या गणनेत मात्र आकडा दीड हजाराच्या आसपास घसरला.

९. २०१९ मध्ये संकटग्रस्त यादीतून काढलं ना? मग आता आकडा का घसरला?

अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्याही आधीपासून, १९६७ पासून, हा पक्षी केंद्राच्या यादीत होता. हजार जोड्यांचं उद्दिष्ट गाठून अनेक वर्षं दुप्पट संख्या टिकली, तेव्हा ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला यादीतून काढलं. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण वर्तमानपत्रांनी ‘वाचला’ असा मथळा दिला आणि लोकांनी विषय मिटला असं धरलं. प्रत्यक्षात यादीतून काढताना अटच ही होती की लागवड चालू राहील. आजारी माणूस बरा होऊन घरी गेला असं नव्हे. मधुमेह आटोक्यात आला, गोळ्या जन्मभर, असं ते आहे.

घसरणीचं मुख्य कारण झाडांच्या वयात आहे. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांत ज्या रानांवर संख्या फुगली, ती रानं आता वयात आली. त्यांची जागा घेणारं ५ ते २० वर्षांचं रान तेवढं उपलब्ध नाही. जॅक पाइनच्या लाकडाला भाव कमी, तोडणीला गिऱ्हाईक वेळेवर मिळत नाही, आणि तोडणी लांबली की लागवड लांबते. आज चुकलेली लागवड पाच-सात वर्षांनी गणनेत दिसते. त्यामुळे घसरण बघून आज घाईने रोपं लावली, तरी आकडा लगेच वर येणार नाही.

शिकार, पकडणं वगैरेवर बंदी मात्र कायम आहे. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा त्याला लागू आहेच.

१०. कावबर्ड म्हणजे इकडची कोकिळाच ना? तिला पकडून मारतात म्हणे. हे बरोबर आहे का?

कोकिळेच्या कुळातला नाही, पण धंदा तोच. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, पावशा सातभाईच्या, तसा कावबर्ड शंभरहून अधिक जातींच्या घरट्यांत. त्याचं पिल्लू आधी बाहेर येतं, आकाराने मोठं असतं आणि घास तेच पळवतं.

कोकिळा-कावळ्याचं वैर जुनं आहे, कावळाही काही बावळट नाही. कावबर्ड मात्र मुळात उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशात बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यांच्या, कळपांमागे फिरणारा पक्षी. एकोणिसाव्या शतकात जंगलं तोडून शेती आली तेव्हा तो मिशिगनपर्यंत पोचला. वॉर्बलरला त्याची ओळखच नव्हती. परकं अंडं कळेना, घरटं सोडून देणं कळेना. १९६० च्या दशकाच्या शेवटी जवळपास ७० टक्के घरट्यांत कावबर्डची अंडी निघत होती आणि घरट्यामागे सरासरी एकही पिल्लू धड उडत नव्हतं.

१९७२ पासून मोठे पिंजरे लावून, आत दाणे आणि काही जिवंत कावबर्ड ठेवून, दरवर्षी हजारो पकडले आणि मारले गेले. परकी अंडी असलेल्या घरट्यांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर आलं. पण प्र. ८ मधले आकडे परत बघा. पिंजरे १९७२ ला आले आणि १९८७ ला नर पुन्हा १६७ च. पिंजऱ्यांनी घसरण थांबवली, संख्या वाढवली नाही. ती वाढली मॅक लेकचं रान तयार झाल्यावर. माझ्या मते या पक्ष्याच्या इतिहासातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट हीच, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

२०१८ पासून मिशिगनमध्ये पिंजरे बंद ठेवून पाहिले. उपद्रव वाढला नाही, त्यामुळे ते बंदच आहेत. घरट्यांवर लक्ष असतं, गरज पडली तर पुन्हा सुरू करता येतील. मारणं बरोबर का, यावर मी वाद घालत नाही. १९७२ मध्ये मी असतो तर मीही पिंजरा लावला असता.

११. हिवाळ्यात कुठे जातो? तिथेही पाइनमध्येच राहतो का?

बहामात जातो, मुख्यतः एल्युथरा, कॅट आयलंड, सॅन साल्वाडोर, लाँग आयलंड या मधल्या बेटांवर. बहामाच्या उत्तरेकडच्या बेटांवर पाइनची जंगलं आहेत, पण हा पाइनवेडा पक्षी हिवाळा काढतो रुंद पानांच्या खुरट्या झुडपांत. तिथेही त्याला कोवळंच रान लागतं, सवय सुटत नाही.

आपल्याला ओळखीची एक गोष्ट इथे आहे. त्याच्या हिवाळी खाण्यातली एक मोठी बाब म्हणजे लॅन्टाना इन्व्होल्युक्राटा या झुडपाची फळं. हे आपल्या घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं, सख्खं भावंड. सह्याद्रीत आपण घाणेरी उपटायच्या मोहिमा काढतो, कारण ती अमेरिकेतून आलेली उपरी. बहामात तिची बहीण घरचीच आहे, आणि जगातल्या एका दुर्मीळ पक्ष्याचं पोट भरते. दुसरं नवल शेळ्यांचं. एल्युथरावर अभ्यासकांना दिसलं की शेळ्या चरतात तिथे वॉर्बलर बरे टिकतात. शेळ्या बाकी झाडोरा खाऊन रान वाढू देत नाहीत, आणि फळवाली झुडपं त्यांना आवडत नाहीत म्हणून तीच उरतात. चराईबंदीच्या पाट्या बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

धोका पावसाचा. मार्च कोरडा गेला की फळं आणि किडे कमी होतात, पक्ष्यांच्या अंगावर चरबी चढत नाही, ते उशिरा निघतात आणि उन्हाळ्यात कमी पिल्लं वाढवतात. मिशिगनमध्ये सगळं नीट केलं तरी ही दोरी आपल्या हातात नाही.

१२. आई-बाबा मे-जूनमध्ये येणार आहेत. त्यांना दाखवायचा तर कधी आणि कुठे न्यावं?

नर मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतात. १५ मे ते जूनचा तिसरा आठवडा हा काळ उत्तम. जुलैत गाणं कमी होतं आणि पक्षी हातातून निसटतो. डेट्रॉईट परिसरातून आय-७५ ने ग्रेलिंगला तीन-सव्वातीन तास लागतात. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा, कारण खरा खेळ पहाटेपासून दहापर्यंतच.

सगळ्यांत सोपं म्हणजे मिशिगन ऑड्यूबन या संस्थेची मार्गदर्शित सहल. गंमत अशी की ती गेली अनेक वर्षं हार्टविक पाइन्समधूनच सुटते, म्हणजे जिथे पक्षी नाही तिथून (प्र. ३). तारखा आणि नावनोंदणी दर वर्षी बदलते, आधी बघून घ्या. स्वतः जायचं तर मायोच्या आसपास ह्युरॉन राष्ट्रीय वनातून ४८ मैलांचा जॅक पाइन फेरा आखलेला आहे. बहुतेक रस्ते कच्चे आहेत.

चालणं फारसं नसतं, गुडघ्यांची काळजी करू नका. थंडीची करा. मेमध्ये पहाटे तापमान शून्याच्या जवळ असू शकतं, आणि पुण्याहून आलेली आई ‘उन्हाळा आहे ना’ म्हणून स्वेटर ठेवून येते. जूनमध्ये डास आणि गोचिडी, तेव्हा पॅन्ट मोज्यात खोचा, फोटोत कसं दिसेल ते सोडून द्या.

१३. सहलीशिवाय आत रानात शिरता येतं का? मोबाइलवर त्याचं गाणं वाजवलं तर येईल ना बाहेर?

विणीची क्षेत्रं १ मे ते १५ ऑगस्ट बंद असतात, तशा पाट्या लावलेल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून ऐकायला आणि बघायला हरकत नाही, आणि बहुतेकदा तेवढं पुरतं. नर झाडाच्या शेंड्यावर येऊन गातो.

गाणं वाजवलं तर तो येईल, म्हणूनच वाजवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा नर घुसला. मग तो खाणंपिणं सोडून लढायला येतो, आणि दिवसभर अशा दहा गाड्या थांबल्या तर त्याचा दिवस गेला. पाटी ओलांडून दोन पावलं पुढे गेलात तर पायाखाली घरटं असू शकतं (प्र. ४). घरटं दिसलंच चुकून, तर फोटो न काढता मागे फिरा. तुमच्या वासाच्या मागावर कोल्हा येतो असं जुने लोक सांगतात. ते कितपत खरं असो, मागे फिरायला ते कारण पुरेसं आहे.

१४. पिवळं पोट, राखाडी पाठ असलेले चार पक्षी दिसले. त्यांतला हा कुठला?

शेपूट बघा. सतत खाली-वर होत असेल तर दोन-तीनच पर्याय उरतात. पाम वॉर्बलरही शेपूट हलवतो, पण त्याच्या डोक्यावर तपकिरी टोपी आणि पाठ मातकट. प्रेअरी वॉर्बलर त्याच रानात असतो, शेपूटही हलवतो, पण पाठ हिरवट आणि चेहरा पिवळा. मॅग्नोलिया वॉर्बलरच्या शेपटीत पांढरा पट्टा आणि गळ्याखाली काळा हार. नॅशव्हिल वॉर्बलर लहान, पोटावर रेघच नाही. निळसर राखाडी पाठ, डोळ्याभोवती तुटक पांढरं वर्तुळ आणि हलती शेपूट, तिन्ही एकत्र असतील तरच नाव घ्या.

१५. आमच्या नोव्हायच्या घरामागे मेमध्ये दिसला असं वाटतंय. शक्य आहे का?

शक्य आहे, संभव कमी. स्थलांतरात तो बहामा आणि मिशिगनच्या मधल्या कुठल्याही राज्यात उतरू शकतो. ओहायोत ईरी सरोवराकाठच्या मॅगी मार्शला मेमध्ये अधूनमधून दिसतो, मिशिगनच्या टावास पॉइंटवरही. मे २०१८ मध्ये तर न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक नर आला आणि शहरभरचे पक्षीनिरीक्षक ऑफिस सोडून धावले. पण फोटो असल्याशिवाय कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. आधी प्र. १४ वाचा, दहापैकी नऊ वेळा मॅग्नोलिया निघतो.

१६. ग्रेलिंगजवळ आमचा पाच एकरांचा प्लॉट आहे. जॅक पाइन लावले तर येईल का?

एकट्या पाच एकरांवर नाही, कारण प्र. ३ मध्ये दिलेला सलगपणा हवा. पण प्लॉट राखीव क्षेत्राला लागून असेल आणि शेजारचं रान योग्य वयाचं असेल, तर तुमची झाडं त्याचाच भाग धरली जातात. त्यात नर गाताना दिसल्याचं मी पाहिलं आहे. याला अपवाद असा की विस्कॉन्सिनमध्ये काही जोड्या लाल पाइनच्या लागवडीत मिळाल्या. तिथली बरीच रोपं मेली आणि मधल्या फटींत जॅक पाइन आपोआप उगवला. फसलेली लागवड पक्ष्याला लाभली. घराभोवती मात्र लावू नका. हे झाड पेटण्यासाठीच बनलेलं आहे.

१७. मग सह्याद्रीतही वणवे लावले तर फायदा होईल का? काही जण असं म्हणायला लागलेत.

नाही, आणि कृपया माझं नाव पुढे करू नका. प्र. ५ मधली सगळी गंमत जॅक पाइनच्या राळेत आहे. आपल्या डोंगरांवर अशी आगीची वाट बघणारी झाडं नाहीत. तिथले वणवे बहुतेक माणसाने लावलेले, दरवर्षी त्याच डोंगरावर, आणि त्यांत जमिनीवरची घरटी, सरडे, रोपं सगळं जातं. मिशिगनमध्ये एकाच जागी पुन्हा आग यायला दशकं लागत.

तुलना करायचीच तर माळढोकाशी करा. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान त्याला मोकळं हवं होतं, आणि आपल्याला मोकळी जमीन दिसली की झाड लावायची खाज सुटते. माळावर झाडं उभी राहिली की माळढोकाचा माळ संपतो, जसं झाड वाढलं की कर्टलंडचं रान संपतं.

१८. या पक्ष्याचा एक अभ्यासक खुनी होता, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. नेथन लिओपोल्ड हा शिकागोचा श्रीमंत घरातला, हुशार तरुण. त्याने १९२३ मध्ये या पक्ष्याच्या विणीच्या जागी जाऊन निरीक्षणं केली आणि जानेवारी १९२४ मध्ये त्याचा लेख अमेरिकेतल्या प्रमुख पक्षीशास्त्रीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने आणि रिचर्ड लोएब या मित्राने एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला. दोघांना जन्मठेप झाली. लेख मात्र पक्षीशास्त्राच्या संदर्भांत राहिला. सहलीत मार्गदर्शक हा किस्सा हमखास सांगतात. सोबत मुलं असतील तर तयारीत राहा.

१९. दोनदा जाऊनही दिसला नाही. काय चुकलं असेल?

बहुधा नकाशा जुना. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेली जागा आज वयात आलेली असते. गाडी थांबवून झाडाच्या बुंध्याकडे बघा. खालच्या फांद्या तपकिरी पडल्या असतील तर तिथे वेळ घालवू नका, पुढच्या वळणावर जा. तरीही नाही मिळाला, तर वारा होता का ते आठवा. वाऱ्यात गाणं ऐकू येत नाही आणि नर शेंड्यावर येत नाही. तिसऱ्यांदा जाताना मला कळवा, चालू हंगामात कुठला रस्ता बरा आहे ते सांगेन. घरट्याची जागा माहीत असली तरी सांगणार नाही.